विचारपूस की झडती?

'वजन' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि इथे चांगला रुळला. तराजूतल्या धान्याला वजन असते, तसे माणसाच्या शब्दालाही असते. 'त्यांच्या बोलण्याला गावात वजन आहे' असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या मोहल्ल्यांकडे पाहिले की या दोन अर्थांची फारकत झालेली दिसते. ज्यांच्या अर्जाला पालिकेच्या कचेरीत वजन नाही, ज्यांच्या दुखण्याला दवाखान्यात दोन मिनिटांहून अधिक वेळ मिळत नाही, त्यांच्याच शरीराचे वजन वाढत चालले आहे.

लठ्ठपणा हा पूर्वी श्रीमंतांचा रोग समजला जाई. व्यंगचित्रातला सावकार ढेरपोट्या आणि मजूर हाडकुळा असे. सुखवस्तू वर्गात लठ्ठपणाचे प्रमाण आजही अधिक आहे. पण तो आता त्या वर्गापुरता राहिलेला नाही. 2019-21 मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातल्या 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. त्याच सर्वेक्षणात याच वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अंगावर चरबी आणि रक्तात लोहाची कमतरता, या दोन्ही गोष्टी एका घरात, कधी एकाच शरीरात नांदतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण सुमारे 10.1 कोटी आहेत. वजनाचा प्रश्न हा केवळ सुडौल दिसण्याचा प्रश्न नाही, हे एवढ्यावरून स्पष्ट व्हावे.

अशा वेळी मोबाईल फोन आमच्या मदतीला आला आहे, असे सांगितले जाते. पावले मोजणारा फोन, खाल्लेल्या घासांचा हिशेब ठेवणारे ॲप, 'आज चाललात का?' असे विचारणारा संदेश, वजन नोंदवून घेणारा काटा. डॉक्टर महाग आहे, आहारतज्ज्ञ तर वस्तीत फिरकतच नाही. मग निदान यंत्राने तरी गरिबाच्या दारी जावे, हा विचार वाईट म्हणता येणार नाही. परंतु तो स्वीकारण्यापूर्वी एक नैतिक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. हे यंत्र गरीब बाईला रोज तिच्या वजनाविषयी विचारते, तेव्हा ते तिची विचारपूस करत असते की झडती घेत असते?

दोन्हींत प्रश्न विचारले जातात. फरक एवढाच, की विचारपूस करणारा उत्तर ऐकून काहीतरी करायला बांधला जातो. झडती घेणाऱ्यावर असे कोणतेच बंधन नसते. त्याला फक्त दोष कोठे आहे ते शोधायचे असते.

दोष कोणाचा, इथूनच सुरुवात करू. वाढलेले वजन म्हणजे सैल सुटलेली जीभ आणि आळशी अंग, असा आपला सर्वसाधारण समज आहे. मुसलमानांच्या बाबतीत त्यात बिर्याणी आणि मटणाची भर पडते. वस्तुतः हातावर पोट असलेल्या घरात मटण रोज शिजत नाही. रोज असतो तो पाव, साखरेचा चहा, खारी, बिस्किटे, स्वस्त तेलात तळलेली भजी आणि भात. कमी पैशात पोट भरल्याची जाणीव देणारे जे जे काही आहे, ते मैदा, साखर आणि तेल यांतूनच तयार होते. डाळ, भाजी, फळ आणि अंडे यांना पैसे पडतात. भाजी निवडायला आणि शिजवायला वेळही लागतो. पीसवर शिवणकाम करणारी, तयार कपड्यांचे धागे कापणारी, खोट्या दागिन्यांचे मणी ओवणारी बाई दिवसभर जमिनीवर बसलेली असते. तिचे हात एक क्षण थांबत नाहीत, पण पावले मोजणाऱ्या फोनच्या हिशेबी ती आळशी ठरते.

चालायला जायचे तर कोठे? 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे जीव मुठीत धरून मुंब्र्याला गेली. जिथे आपली माणसे आहेत तिथे राहावे, या भीतीने वस्ती वाढली, इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या आणि मोकळ्या जागा संपल्या. मुंबईच्या 2009 च्या मानव विकास अहवालात सगळ्या वॉर्डांत तळाशी असलेला 'एम पूर्व' वॉर्ड म्हणजे गोवंडी, मानखुर्द, देवनारचा परिसर. शहराचा कचरा ज्याच्या उशाशी टाकला जातो, त्या माणसाला सकाळच्या मोकळ्या हवेत फिरायला जा, असे सांगणे ही थट्टाच आहे. ज्या घडामोडींनी मोहल्ला दाटीवाटीचा झाला, त्यांचे ओझे बाईच्या गुडघ्यांवर येऊन पडले आहे. तराजूचा काटा मात्र फक्त तिच्याकडे बोट दाखवतो.

याहून खोलवर जाणारी गोष्ट पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिली आहे. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचे आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने दोघांचेही वजन सारखेच, म्हणजे दोघांचाही बॉडी मास इंडेक्स 22.3. पण इंग्रजाच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि भारतीय डॉक्टरांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांत 1993 पासून त्यांनी मातांचा आणि बालकांचा अभ्यास केला. त्यात आपली बाळे जन्मतःच वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने भरलेली असतात, असे आढळले. आईच्या वाट्याला आलेला अपुरा आहार बाळाच्या देहात अशी खूण सोडून जातो. तेच मूल पुढे शहरात येऊन मैद्यावर आणि साखरेवर वाढते, तेव्हा मधुमेह त्याला लवकर गाठतो. आजीच्या आणि आईच्या उपासमारीचे कर्ज नातीने फेडायचे, असा हा हिशेब आहे. अशा माणसाला 'तुझी इच्छाशक्ती कमी पडते' म्हणणे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे.

आमच्या घरांतला आणखी एक पेच बाहेरून आलेल्या यंत्राला कळणे कठीण आहे. आमच्याकडे अन्नाला रिज्क म्हणतात. ते टाकणे हा गुन्हा मानला जातो. पोरांनी ताटात सोडलेला भात, कालची उरलेली पोळी, पातेल्याच्या तळाचे कालवण हे सारे शेवटी आईच्या पोटात जाते. ती हावरट असते म्हणून नव्हे. टाकवत नाही म्हणून. जिने भूक पाहिली आहे तिला 'अर्धे ताट बाजूला सारा' असा संदेश पाठवणे म्हणजे तिच्या सद्गुणालाच दोष देणे आहे. तिच्या वजनामागे तिचे चांगुलपण उभे आहे. मग सल्ला काय द्यायचा? टाकू नका, पण मापून शिजवा, आणि उरलेच तर ते एकट्या आईने संपवायचे हा रिवाज घराने मोडावा. हा सल्ला पातेल्याशी बसणाऱ्या बाईला एकटीला देऊन भागत नाही. ताटावर बसणाऱ्या सगळ्यांना द्यावा लागतो. फोनवरचे ॲप मात्र माणूस एकटाच जेवतो असे समजून चालते.

याचा अर्थ यंत्रे निरुपयोगी आहेत असा मात्र होत नाही. गरीब वस्तीत ही साधने कशी चालतील, याचा चिकाटीने शोध अमेरिकेत घेतला गेला. तिथल्या कृष्णवर्णीय आणि गरीब लोकांची स्थिती आमच्यापेक्षा निराळी असली, तरी दवाखान्यात त्यांना मिळणारी वागणूक आणि वस्तीतल्या दुकानांत मिळणारे स्वस्त, निकस अन्न आमच्या परिचयाचे आहे. गॅरी बेनेट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी बॉस्टनमधील सामुदायिक आरोग्य केंद्रांत 365 रुग्णांवर दोन वर्षे प्रयोग केला. सगळे स्थूल आणि रक्तदाबाचे रुग्ण, त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष साधेच होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत या लोकांचे वजन सरासरी सुमारे एक किलोने अधिक उतरले. जाहिरातीत 'महिन्यात दहा किलो' वाचायची सवय झालेल्यांना हे हास्यास्पद वाटेल. आम्हाला त्यात प्रामाणिकपणा दिसतो.

त्यानंतरचा प्रयोग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील 25 ते 44 वयाच्या 194 कृष्णवर्णीय स्त्रियांना वजन कमी करा असे सांगण्यातच आले नाही. 'आहे तेवढे राखा, वाढू देऊ नका' एवढेच सांगितले गेले. दर आठवड्याला त्यांना फोन येई. त्यावर ध्वनिमुद्रित आवाज प्रश्न विचारी आणि त्यांनी फोनची बटणे दाबून उत्तरे द्यायची. त्यासाठी स्मार्टफोनची गरज नव्हती. महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञ स्वतः फोनवर बोले. शिवाय वर्षभर व्यायामशाळेचे सभासदत्व देण्यात आले. वर्षाअखेर या स्त्रियांचे वजन सरासरी एक किलोने घटले आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांचे अर्ध्या किलोने वाढले. पुढे असेही दिसून आले, की या स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाणही कमी झाले होते आणि त्याचा वजन किती बदलले याच्याशी संबंध नव्हता. कोणीतरी नियमाने विचारते, पण टाकून बोलत नाही. साध्य होईल असे मागते. आणि नुसते 'व्यायाम करा' न म्हणता व्यायामाची जागाही देते. मनावरचे ओझे उतरण्यामागे हेच असावे, असे आम्हाला वाटते. विचारपूस म्हणतात ती हीच.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, त्याच राज्यातील 351 रुग्णांवरच्या प्रयोगात एका वर्षानंतर दोन गटांतला फरक सुमारे पावणेचार किलो निघाला. तिथेही यंत्र एकटे नव्हते. आहारतज्ज्ञ फोनवरून सल्ला देत होते आणि रुग्णाच्या नेहमीच्या डॉक्टरलाही या कामात सामील करून घेतले होते. या सगळ्याचा बोध एवढाच, की यंत्र हे निरोप्या आहे. निरोप ऐकायला पलीकडे माणूस बसलेला असेल, तर ते उपयोगी पडते.

आपल्या देशातही असा एक चांगला अभ्यास झाला. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 2009 ते 2012 या काळात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 537 जणांपैकी निम्म्या लोकांना आहार आणि व्यायामाविषयी नियमित एसएमएस पाठवले. दोन वर्षांत संदेश मिळालेल्यांपैकी 18 टक्के, तर न मिळालेल्यांपैकी 27 टक्के लोकांना मधुमेह झाला. साध्या फोनवरच्या साध्या संदेशाने एवढे साधले, ही समाधानाची गोष्ट आहे. पण या 537 जणांत एकही स्त्री नव्हती. अभ्यास नोकरदार पुरुषांवरच बेतलेला होता.

इथे आमच्या काळजाला हात घालणारा मुद्दा येतो. स्त्रीपर्यंत संदेश जाणार कसा? वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या सुमारे 54 टक्के स्त्रियांकडेच आढळला. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया तर 33 टक्केच होत्या. आमच्या मोहल्ल्यांत फोन पुष्कळदा शोहरचा किंवा मुलाचा असतो. 'अम्मी, तुझा मेसेज आला' असे म्हणत मुलगाच तो वाचतो. मग वजन, पाळी, साखर या तिच्या खाजगी गोष्टी आधी घरभर होतात. सून असेल तर त्यांचे टोमणे होतात, लग्नाची मुलगी असेल तर स्थळाच्या बोलण्यात त्या पोहोचतात. आमच्याकडे बाईच्या शरीरावर बोलण्याचा हक्क सगळ्यांना आहे. बारीक असली तर 'खायला घालत नाहीत वाटते', भरलेली असली तर 'खात्यापित्या घरची' आणि त्याहून भरली की 'काम काय असते हिला?' या गोंगाटात आणखी एका यंत्राची भर घालायची, तर ते यंत्र तिचे गुपित राखणारे हवे. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली गोष्ट ही अमानत असते आणि अमानतीत खयानत करू नये, हे आम्हाला लहानपणापासून शिकवले गेले आहे. शरीराविषयीची माहिती ही याच अर्थाने अमानत आहे. 2023 मध्ये देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण इंग्रजीत लिहिलेल्या दहा पानांच्या अटींखाली 'मान्य आहे' असे बटण दाबून घेणे याला संमती म्हणता येत नाही. तिच्या भाषेत, तिला ऐकू येईल अशा आवाजात, नाही म्हणायची मोकळीक देऊन विचारणे, ही संमती होय. तिने नाही म्हटल्यावर दवाखान्यातली तिची औषधे आणि वागणूक बदलता कामा नये.

काही विचारी मित्र म्हणतात, की हे सारे खटाटोप व्यर्थ आहेत. आधी मैदाने द्या, स्वस्त भाजी द्या, दवाखाने द्या, कामाचे तास कमी करा. तोवर गरिबाला वजन कमी कर म्हणणे हा क्रूरपणा आहे. या म्हणण्यात तथ्य आहे आणि वर आम्हीही तेच मांडले आहे. तरीसुद्धा आम्हाला ते पूर्णपणे पटत नाही. व्यवस्था बदलेपर्यंत थांबा, असे सांगणारा सहसा निरोगी असतो. जिना चढताना जिचा गुडघा आज ठणकतो, जिच्या पायाची जखम साखरेमुळे आज भरत नाही, तिने नगररचनेच्या पुढच्या आराखड्याची वाट पाहायची का? अन्याय झाला म्हणून तिच्या हातातले काहीच तिच्या हातात नाही असे ठरवणे, हा तिचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. चहातली साखर दोन चमच्यांवरून एकावर आणणे, मापून भात शिजवणे, गच्चीवर वीस मिनिटे चालणे तिला जमू शकते. दोष तिचा नाही, पण देह तिचा आहे. या दोन वाक्यांपैकी एकच म्हणणारा अर्धसत्य सांगतो.

म्हणून ही साधने आमच्या वस्तीत येवोत, त्यांना आमचा विरोध नाही. मात्र आणणाऱ्याकडून काही गोष्टी मागून घेतल्या पाहिजेत. साधन बोलणारे असावे, नुसते वाचायचे नसावे. आणि ते मराठी, उर्दू, दखनी, जी ज्या घरची बोली असेल तिच्यात बोलावे. त्याने मागणी थोडी करावी. पलीकडे आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा आहारतज्ज्ञ यांच्यापैकी कोणी माणूस असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रश्न एकाच दिशेने जाऊ नयेत. 'आज का चालला नाहीत?' असे यंत्राने विचारले आणि शंभर बायकांनी बटण दाबून 'रस्त्यावर दिवा नाही' असे सांगितले, तर ती त्या बायकांची सबब म्हणून नोंदली जाऊ नये. नावे वगळून ती शंभर उत्तरे वॉर्डाच्या कचेरीत, नगरसेवकाच्या टेबलावर जायला हवीत. ज्याने विचारले त्याने उत्तराची जबाबदारी उचलायची, हा विचारपुशीचा साधा नियम आहे.

काही गोष्टी आपल्याही हातात आहेत. शाळेचे पटांगण सकाळी एक तास स्त्रियांसाठी उघडे ठेवायला सरकारी आदेश लागत नाही. जमातखान्याची गच्ची रिकामीच असते. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलीने चार बायकांना फोनवरचा संदेश ऐकायला शिकवणे, आणि मुलाने अम्मीचा संदेश न उघडता तिच्या हाती देणे, ही काही मोठी क्रांती नव्हे. पण तिथून सुरुवात होते. दिव्यासाठी अर्ज द्यायची वेळ येईल, तेव्हा त्याच बायका शंभर सह्या घेऊन कचेरीत उभ्या राहतील. त्या दिवशी त्यांच्या शब्दाला थोडे वजन आलेले असेल. आणि अंगावरचे किती उतरले, हा हिशेब त्या स्वतःच ठेवतील.